पडद्यावरची हिंसा आणि मुलांचे वर्तन

पडद्यावर दिसणारी हिंसा मुलांच्या वागण्यात तीन वाटांनी उतरते. मूल तिचे अनुकरण करते, तिला सरावते आणि तिला घाबरते. हे तिन्ही परिणाम एकाच मुलात एकाच वेळी दिसू शकतात. दिवसा धाकट्या भावाला लाथ मारून 'फाइट' खेळणारे मूल रात्री दिवा मालवू देत नाही, यात विसंगती नाही. त्यामुळे केवळ 'मोबाइल बंद' हा उपाय पुरत नाही. मूल काय पाहते, कोणाबरोबर पाहते आणि पाहिल्यावर त्याच्याशी कोण बोलते, या तीन गोष्टींवर परिणाम बराचसा अवलंबून असतो आणि या तिन्ही गोष्टी पालकांच्या हातात आहेत.

हिंसक आशय कोणता

हिंसा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बंदुकीचे गेम आणि रक्तपाताचे सिनेमे येतात. प्रत्यक्षात हिंसक आशयाची व्याप्ती मोठी आहे. कार्टूनमध्ये डोक्यात हातोडा बसूनही हसत उठणारे पात्र, एकट्याने वीस जणांना लोळवणारा सिनेमाचा नायक, गुन्हेकथांच्या मालिका, रस्त्यावरच्या खऱ्या भांडणांच्या रील्स, अपघात आणि हल्ल्यांच्या बातम्यांची पुन्हा पुन्हा दाखवलेली दृश्ये हे सगळे त्यात येते.

संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र पाहायच्या कौटुंबिक मालिकाही यातून सुटत नाहीत. त्यात हाणामारी कमी असते. पण टोमणे, अपमान, कट, एखादीला घरात एकटे पाडणे हे रोज घडते. अशी दृश्ये पाहणाऱ्या मुलांत मैत्रिणीला गटातून वगळणे, मागून चहाड्या करणे, नावे ठेवणे अशी नात्यांतून होणारी आक्रमकता वाढू शकते. मूल पुढ्यात पाटी-पुस्तक घेऊन बसले असले तरी कान आणि अर्धे लक्ष टीव्हीकडे असते. मोठ्यांसाठी लावलेला कार्यक्रमही त्या वेळी मुलाचाच कार्यक्रम असतो.

मूल पाहून कसे शिकते

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केला. 1961मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात विद्यापीठाच्या बालवाडीतील साधारण 3 ते 6 वर्षांची 72 मुले होती. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या 'बोबो' बाहुल्याला गुद्दे मारले, लाथाडले, हातोडीने बडवले आणि सोबत ठरावीक वाक्ये म्हटली. नंतर खेळण्यांच्या खोलीत सोडल्यावर या मुलांपैकी अनेकांनी तीच कृती आणि तीच वाक्ये जशीच्या तशी केली. शांत माणूस पाहिलेल्या किंवा कोणालाच न पाहिलेल्या मुलांत हे फार कमी दिसले. 1963च्या पुढच्या प्रयोगात प्रत्यक्ष माणसाऐवजी चित्रफीत आणि कार्टूनसारखे रूप वापरले, तरी अनुकरण झालेच.

1965चा प्रयोग पालकांसाठी आणखी महत्त्वाचा आहे. त्यात चित्रफितीच्या शेवटी काही मुलांना मारणाऱ्याचे कौतुक होताना दिसले, काहींना त्याला शिक्षा होताना दिसली. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले. पण 'जे पाहिलेस ते करून दाखव, बक्षीस मिळेल' असे सांगताच दोन्ही गटांनी जवळजवळ सारखेच करून दाखवले. शिक्षा पाहून कृती थांबली होती, शिकणे थांबले नव्हते. म्हणून 'शेवटी खलनायकाला शिक्षा होतेच की' हा युक्तिवाद अपुरा आहे. नायकच जेव्हा मारतो आणि त्याला टाळ्या मिळतात, तेव्हा तर शिकलेले वापरून पाहण्याची ओढही वाढते.

सरावण्याचा परिणाम 1974च्या एका अभ्यासात दिसला. तिसरी-चौथीतील मुलांवर शेजारच्या खोलीत खेळणाऱ्या लहानग्यांकडे लक्ष ठेवण्याचे काम सोपवले होते. लहानग्यांचे भांडण विकोपाला गेल्यावर, आधी हाणामारीची चित्रफीत पाहिलेली मुले मोठ्यांना बोलवायला उशिरा धावली. समोर कोणाला तरी लागते आहे ही जाणीवच थोडी बोथट झाली होती.

भीतीचा परिणाम अधिक गुपचूप असतो. अमेरिकी संशोधक जॉर्ज गर्बनर यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवले की खूप टीव्ही पाहणाऱ्यांना जग असते त्याहून अधिक धोकादायक वाटू लागते. असे मूल प्रत्येक धक्क्यात शत्रुत्व शोधते. वर्गात चुकून लागलेला कोपर त्याला मुद्दाम मारल्यासारखा वाटतो आणि ते उलटून मारते. बाहेरून आक्रमक दिसणाऱ्या अनेक मुलांच्या मुळाशी ही भीती असते.

परिणाम नेमका किती

या प्रश्नावर संशोधकांत मतभेद आहेत आणि पालकांना दोन्ही बाजू माहीत असायला हव्यात. शिकागो परिसरातील मुलांची 1977च्या सुमारास पाहणी करून 15 वर्षांनी त्यांना पुन्हा भेटणाऱ्या अभ्यासात, लहानपणी पाहिलेली हिंसा आणि तरुणपणीची आक्रमकता यांचा संबंध आढळला. कॅनडातील एका गावात 1973मध्ये प्रथमच टीव्ही पोहोचला. त्यानंतरच्या दोन वर्षांत तिथल्या मुलांतील मारामारी आणि शिवीगाळ वाढल्याची नोंद झाली. 2018मध्ये 24 अभ्यासांतील सुमारे 17,000 मुला-तरुणांच्या माहितीचे एकत्र विश्लेषण झाले. त्यातही हिंसक गेम आणि नंतरची शारीरिक आक्रमकता यांचा संबंध दिसला, पण तो लहान होता. दुसरीकडे, 2019मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील 14-15 वर्षांच्या सुमारे 1,000 मुलांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असा संबंध आढळला नाही.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली. ओरडणे, ढकलाढकली अशा वर्तनाशी हिंसक गेमचा लहान पण विश्वसनीय संबंध आहे. मात्र गंभीर हिंसक गुन्ह्यांचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. पालकांसाठी याचा अर्थ असा की गेम खेळणारे मूल गुन्हेगार होईल ही धास्ती निराधार आहे आणि 'काही होत नाही' ही निश्चिंतीही तितकीच निराधार आहे. परिणाम दिसतो तो रोजच्या वागण्यात: बोलण्याच्या भाषेत, भांडण मिटवण्याच्या पद्धतीत, दुसऱ्याच्या दुखण्याकडे पाहण्यात. घरात मारहाण होते, वडीलधारे सतत ओरडतात, शाळेत कोणी छळते किंवा मूल मुळातच उतावळे आहे, अशा ठिकाणी पडद्यावरच्या हिंसेचा भार अधिक पडतो. प्रेमळ आणि बोलक्या घरात तो कमी होतो.

वयानुसार फरक

दोन वर्षांखालील मुलाला पडद्यावरची गोष्ट कळत नाही. मोठे आवाज आणि झपाट्याने बदलणारी दृश्ये त्याला केवळ अस्वस्थ करतात. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल सोडला तर या वयात पडदा नसावा. 2 ते 5 या वयात दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने, आणि 5 ते 10 या वयात 2 तासांपेक्षा कमी असावा.

3 ते 7 या वयात खरे आणि खोटे यांची सीमा धूसर असते. या वयाचे मूल जे दिसते त्यालाच घाबरते. 'द इन्क्रेडिबल हल्क' या अमेरिकी मालिकेतील हिरवा राक्षस संकटात सापडलेल्यांना वाचवत असे, तरी बालवाडीच्या वयाची मुले त्याला घाबरत. मोठ्या मुलांना मात्र त्याचा हेतू कळत होता. म्हणून 'अरे, ते खोटं असतं' या वाक्याने लहानग्याचे समाधान होत नाही. त्याला जवळ घ्यावे, दिवा लावावा, पाणी द्यावे, पडदा बंद करावा. समजावणे नंतर.

8 ते 12 या वयात मूल कल्पित गोष्ट ओळखते; पण आवडत्या नायकात स्वतःला पाहू लागते. शिकागोच्या अभ्यासात दोन घटक ठळक होते. ज्यांना टीव्हीवरची हिंसा खरी वाटत असे आणि जी मुले मारामारी करणाऱ्या पात्रांशी एकरूप होत असत, ती पुढे अधिक आक्रमक आढळली. या वयात बातम्यांची भीतीही वाढते, कारण त्या खऱ्या असतात हे कळलेले असते. किशोरवयात बंदी फारशी टिकत नाही. तिथे चर्चा, विश्वास आणि ठरवून घेतलेले नियम उपयोगी पडतात.

कोणती हिंसा अधिक घातक

सगळी हिंसा सारखी नसते. हिंसा करणारा देखणा आणि लाडका असणे, त्याला शिक्षा न होणे किंवा बक्षीस मिळणे, मार खाणाऱ्याची वेदना न दाखवणे, हिंसेला विनोदाची जोड असणे आणि 'त्याने केले म्हणून मीही केले' असे समर्थन असणे, या गोष्टी एकत्र आल्या की शिकण्याची शक्यता वाढते. या निकषांवर साधी वाटणारी अनेक कार्टून्स लहान मुलांसाठी रक्तपाताच्या दृश्यांइतकीच चिंतेची ठरतात.

उलट, युद्धाची प्रत्येक कथा वाईट नसते. दिवाळीत किल्ला बांधून त्यावर मावळे मांडणारी मुले लढाई खेळतात. पण त्या खेळाला गोष्ट असते, कारण असते, कोणासाठी आणि कशासाठी लढले याचे भान असते, आणि गमावलेल्या माणसांचे दुःखही असते. मोठ्यांनी ही बाजू सांगितली तर अशा कथा मुलांना विचार करायला लावतात. निव्वळ मारण्यातच मजा आहे असे दाखवणाऱ्या आशयात यांपैकी काहीच नसते.

गेममध्ये आणखी एक घटक असतो. तिथे मूल प्रेक्षक नसून कर्ता असते आणि प्रत्येक 'किल'ला गुण मिळतात. शिवाय ऑनलाइन गेममध्ये अनोळखी मोठी माणसे माइकवरून शिवीगाळ करतात. अनेकदा गेमपेक्षा या बोलण्याचाच मुलांच्या भाषेवर जास्त परिणाम होतो.

घरात काय करावे

पहिले काम निरीक्षणाचे. एक आठवडा कोणतीही बंदी न घालता मूल काय पाहते, कधी पाहते आणि पाहिल्यानंतर अर्धा तास कसे वागते याची वहीत नोंद ठेवावी. एखाद्या ठरावीक कार्यक्रमानंतर चिडचिड वाढते, किंवा ठरावीक दिवशी झोप बिघडते, हे त्यातून लक्षात येते. नियम अंदाजावर न करता या नोंदीवरून करावेत.

दुसरे काम बदलीचे. अमेरिकेतील सिएटल येथे 3 ते 5 वर्षांच्या मुलांच्या 565 कुटुंबांबरोबर झालेला आणि 2013मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे मोलाचा आहे. त्यात पालकांना पडद्याचा वेळ कमी करायला सांगितलेच नव्हते. हिंसक कार्यक्रमांच्या जागी मैत्री, मदत आणि शिकणे दाखवणारे कार्यक्रम लावायला सांगितले होते. सहा महिन्यांनी या मुलांच्या वागण्यात सुधारणा दिसली. ज्या घरात दोघेही कमावतात आणि मुलापाशी सतत बसणे शक्य नाही, तिथे हा मार्ग विशेष उपयोगी आहे. चालतील अशा कार्यक्रमांची यादी आधीच करून ठेवावी. ऐन वेळी मूल रडत असताना निवड करायला गेले की हाताला येईल ते लावले जाते.

तिसरे काम बोलण्याचे. मोठे माणूस शेजारी बसून मुकाट्याने पाहत राहिले तर मुलाला ती संमती वाटते. साधे प्रश्न पुरेसे असतात: 'त्याला किती लागलं असेल रे?', 'त्याच्या आईला काय वाटलं असेल?', 'न मारता हे भांडण मिटलं असतं का? कसं?' 2000मधील एका प्रयोगात 'वुडी वुडपेकर' हे कार्टून दाखवताना काही मुलांना मार खाणाऱ्या पात्राच्या मनाचा विचार करायला सांगितले होते. ज्यांना असे सांगितले नव्हते त्या मुलग्यांत कार्टून पाहून आक्रमकतेकडे कल वाढला. ज्यांना सांगितले होते त्यांच्यात तो वाढला नाही. एक वाक्य बोलण्याचा खर्च काहीच नाही आणि उपयोग मात्र खरा आहे.

चौथे काम वयाच्या खुणा पाहण्याचे. सिनेमॅटोग्राफ कायद्यातील 2023च्या दुरुस्तीनंतर 'यूए' प्रमाणपत्राचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले आहेत. ही पालकांसाठी सूचना आहे. 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा मात्र 18 वर्षांखालील मुलाला आईवडिलांसोबतही चित्रपटगृहात पाहता येत नाही. 2021च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरही अशाच वयोगटांच्या खुणा बंधनकारक आहेत आणि 13+ व त्यापुढील आशयासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमखाली 3+, 7+, 12+, 16+ किंवा 18+ अशी खूण असते. गेम उतरवण्यापूर्वी ती पाहावी आणि कोणी खेळत असताना दहा मिनिटे स्वतः बसून पाहावे.

खुणांवर पूर्ण विसंबूनही चालत नाही. 2017मध्ये यूट्यूबवर मुलांच्या ओळखीच्या कार्टून पात्रांचे चेहरे वापरून केलेले भयानक व्हिडिओ मोठ्या संख्येने आढळले आणि त्यांपैकी काही मुलांसाठीच्या ॲपमध्येही शिरले होते. वरचे चित्र ओळखीचे दिसले म्हणून आतला व्हिडिओ निर्धोक ठरत नाही. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद ठेवावी, मुलाचे खाते वेगळे करावे आणि 'फॅमिली लिंक' किंवा 'स्क्रीन टाइम' यांसारख्या पालक-नियंत्रणाच्या सोयी मुलाला सांगून वापराव्यात. चोरून पाळत ठेवल्याचे कळले की विश्वास जातो आणि मूल मित्राच्या फोनवर पाहू लागते.

पाचवे काम घरातील मोठ्यांत एकवाक्यता आणण्याचे. आई नको म्हणते आणि आजोबा जेवताना फोन देतात, अशा घरात नियम टिकत नाही. आजी-आजोबांना दोष न देता कारण सांगावे आणि त्यांच्यासाठी वेगळी वाट ठेवावी: गोष्ट, पत्ते, सागरगोटे, बाजारातली फेरी. जेवताना आणि झोपण्यापूर्वीचा एक तास पडदा नको, हा नियम मोठ्यांनीही पाळावा.

बातम्यांसाठी वेगळी काळजी हवी. नोव्हेंबर 2008मध्ये मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याची दृश्ये जवळजवळ तीन दिवस घराघरांत अखंड चालू होती. तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसले की लहान मुलाला ती घटना पुन्हा पुन्हा घडते आहे असे वाटते. अशा वेळी टीव्ही बंद ठेवावा, मोठ्यांनी बातमी वाचून घ्यावी आणि मुलाला थोडक्यात सांगावे: काय घडले, ते कुठे घडले, मदतीला कोण धावून गेले आणि आपण कुठे सुरक्षित आहोत.

मुलाने हात उगारला तर

आधी खेळ आणि हिंसा यांत फरक करावा. लुटुपुटुच्या मारामारीत मुले हसत असतात, आळीपाळीने हरतात-जिंकतात आणि खेळ संपल्यावरही एकत्रच राहतात. अशा खेळाला अडवू नये. त्यातून मुले जोर आवरायला शिकतात. चेहरा रागावलेला असेल, एकच मूल सतत मार खात असेल, ते सुटका करून घेऊ पाहत असेल, तर लगेच मध्ये पडावे.

मारणाऱ्या मुलाला शांत आवाजात थांबवावे, ज्याला लागले त्याच्याकडे आधी जावे आणि नंतर दोघांना बोलू द्यावे. राग आला हे मान्य करावे, मारणे मान्य करू नये: 'तुला राग आला हे कळतंय, पण मारायचं नाही. काय हवं होतं ते तोंडाने सांग.' मग नुकसान भरून काढायला लावावे: फुंकर घालणे, खेळणे परत देणे, मोडलेले जोडायला मदत करणे. मारल्याबद्दल मुलाला मारणे ही सर्वांत मोठी चूक आहे. बलवान असेल त्याने मारायचे असते, हाच धडा त्यातून पक्का होतो आणि हा धडा पडद्यावरचा नसून घरातला, म्हणून अधिक खोल असतो. शाळेतील शारीरिक शिक्षेला 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई आहे. तेच तत्त्व घरातही लागू व्हायला हवे.

शाळेची भूमिका

कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे तिसरी-चौथीच्या वर्गांत सहा महिने एक उपक्रम झाला आणि 2001मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांनी आधी स्वतःच्या पाहण्याची नोंद केली, मग दहा दिवस टीव्ही आणि गेम बंद ठेवले आणि नंतर आठवड्याला सात तासांची मर्यादा पाळली. उपक्रमात नसलेल्या शाळेच्या तुलनेत या मुलांची आक्रमकता वर्गमित्रांच्या नजरेतूनही कमी झाली. अशी नोंदवही कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत एका वहीच्या खर्चात सुरू करता येते. पालकसभेत गुणांबरोबर या विषयावर अर्धा तास ठेवला, तर एकाच वर्गातील पालकांना सारखे नियम ठरवता येतात आणि 'सगळ्यांकडे चालतं' हा मुलांचा मुद्दाच उरत नाही.

मदत कधी घ्यावी

काही खुणा दिसल्यास हे वयाचे खूळ आहे असे समजून थांबू नये. प्राण्यांना मुद्दाम इजा करणे, मारण्यासाठी वस्तू किंवा हत्यार वापरणे, इतरांच्या वेदनेत आनंद मानणे, स्वतःला इजा करणे, गेम थांबवताच तोडफोड करणे, काही आठवडे टिकणारी भयस्वप्ने, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे किंवा शाळेत जायला नकार देणे या त्या खुणा आहेत. अशा वर्तनामागे अनेकदा पडदा नसून घरातला ताण, शाळेतला छळ किंवा शिकण्यातली अडचण असते आणि केवळ फोन काढून घेतल्याने ते कारण झाकले जाते.

सुरुवात शाळेच्या समुपदेशकापासून किंवा नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करता येते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही जाता येते. केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. मूल धोक्यात असेल किंवा त्याचा छळ होत असेल, तर 1098 ही बालसाहाय्य सेवा आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 2014पासून स्वतंत्र चिकित्सालय चालते. मदत मागताना सुरुवातीच्या आठवड्याची नोंदवही सोबत न्यावी. मुलाचे वागणे कधी, कशानंतर आणि किती वेळ बिघडते हे तज्ज्ञाला त्यातून लवकर कळते आणि उपचारही योग्य ठिकाणापासून सुरू होतात.